न दिसणारी डिस्क

खरिपाच्या पीकविम्याची मुदत सामान्यतः जुलैअखेर संपत असल्यामुळे, सोयाबीन हे मुख्य पीक असलेल्या धाराशिव जिल्ह्यात उमरग्यापासून परंड्यापर्यंतच्या सेवा केंद्रांवर त्या महिन्यात शेतकऱ्यांची रीघ लागते. अशा दिवसांत एखाद्या केंद्राचा संगणक काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ एवढे लिहून थांबला, तर सातबारा आणि पासबुक घेऊन उभ्या असलेल्या सगळ्यांचाच दिवस अडतो. डिस्क गेली, असा या संदेशाचा अर्थ घाईने लावला जातो. वस्तुतः जिच्यावरून विंडोज सुरू व्हायचे ती डिस्क संगणकाला सापडली नाही, एवढेच तो सांगत असतो. ती का सापडली नाही याचा शोध क्रमाने घेणे हीच या दुरुस्तीतील विद्या होय.

वीज मिळताच प्रोसेसर मदरबोर्डवरील एका चिपमध्ये साठवलेली जी आज्ञावली सर्वांत आधी चालवतो, तिला बायोस म्हणतात. ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या कार्यप्रणालीतून 1970च्या दशकात आली आणि आयबीएमच्या 1981च्या पर्सनल कॉम्प्युटरमुळे सर्वत्र रुळली. आज जुन्या बायोसची जागा यूईएफआय या नव्या रचनेने घेतली असली, तरी दुरुस्तीच्या दुकानांत ‘बायोस’ हेच नाव चालते. मेमरी, कीबोर्ड आणि डिस्क यांची प्राथमिक तपासणी करून, ठरवून दिलेल्या क्रमाने डिस्क शोधून तिच्याकडे कारभार सोपवणे हे या आज्ञावलीचे काम असल्यामुळे, बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसते की नाही, हा पहिला प्रश्न ठरतो आणि पुढची सारी तपासणी त्याच्या उत्तरावरून दोन वाटांनी जाते.

नाव दिसत नसेल तर दोष बहुधा जोडणीत, वीजपुरवठ्यात किंवा खुद्द डिस्कमध्ये असतो. साटा पद्धतीच्या डिस्कला माहितीसाठी सात संपर्कांची आणि विजेसाठी पंधरा संपर्कांची अशा दोन जोडण्या असतात; कोरड्या हवेतली धूळ आणि उन्हाळ्यातली उष्णता त्यांना सैल व मळकट करते, म्हणून आधी वीज पूर्ण बंद करून दोन्ही टोके काढून पुन्हा बसवावीत, मग केबल बदलावी, मग पोर्ट बदलावा आणि तरीही उत्तर न मिळाल्यास तीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. एम.2 प्रकारच्या छोट्या एसएसडीमध्ये आणखी एक बारकावा असतो: दिसायला सारख्याच असलेल्या या पट्ट्यांपैकी काही साटा पद्धतीने तर काही एनव्हीएमई पद्धतीने बोलतात, आणि स्लॉटला ती पद्धत येत नसेल तर निर्दोष डिस्कही ओळखली जात नाही. फिरत्या डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्‌ टक्‌ असा आवाज येत असेल, तर मात्र प्रयोग तेथेच थांबवावेत. प्रत्येक वेळी ती चालू करताना आतील पृष्ठभाग खरवडला जाण्याचा आणि उरलेली माहितीही गमावण्याचा धोका वाढतो.

नाव दिसूनही विंडोज सुरू होत नसेल, तर लक्ष बायोसच्या सेटिंगकडे वळवावे लागते, आणि जुन्या संगणकांत याचे मूळ अनेकदा मदरबोर्डवरच्या सीआर 2032 या तीन व्होल्टच्या गोल सेलमध्ये सापडते. मुख्य वीज असताना मदरबोर्डवरील घड्याळाचा भार त्या विजेवर चालतो, ती नसताना सेलवर येतो. त्यामुळे जेथे भारनियमन असते आणि दुकान बंद करताना मेन स्विचही बंद होतो, तेथे सेल लवकर उतरतो. तो उतरला की तारीख मागे जाते, तारीख चुकल्याने सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अमान्य ठरून पीकविम्याचे पोर्टल उघडत नाही, आणि अनेक जुन्या मदरबोर्डांत बूटचा क्रम व साटाचा प्रकारही मूळ स्थितीला परततो. एएचसीआय या साटा प्रकारात बसवलेले विंडोज दुसऱ्या प्रकारात निळा पडदा दाखवून थांबते. सेल बदलून पूर्वीचा प्रकार निवडला, की तेच विंडोज पुन्हा चालू होते. याउलट, इंटेल प्रोसेसरच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज नव्याने बसवताना डिस्कची यादी रिकामी दिसते, कारण व्हीएमडी ही सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजला पलीकडची डिस्क दिसत नाही.

या सर्व क्रमामागील तत्त्व एकच आहे: जे परत फिरवता येते ते आधी करावे आणि जे परत फिरवता येत नाही त्याला मालकाच्या संमतीशिवाय हात लावू नये. सेटिंग बदलण्यापूर्वी मूळ पानाचे छायाचित्र घेणे हा या कामातील शिष्टाचार मानला पाहिजे. आणि ‘इनिशिअलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना पडद्यावर आली, तरी ती यंत्राची सूचना आहे, मालकाची नव्हे, हे दुरुस्ती करणाऱ्याने विसरता कामा नये. नवी डिस्क बाजारात विकत मिळते, पण केंद्रचालकाच्या नोंदी, विद्यार्थ्याचा प्रबंध किंवा कुटुंबाची छायाचित्रे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणून संगणक दुरुस्तीला देताना आतील माहिती हवी आहे हे प्रत्येकाने आधी स्पष्ट सांगावे, आणि तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर आजच काढून ठेवावी.