जुना सारथी

गेली काही वर्षे आमचे कान आमची साथ सोडीत चालले आहेत. श्रवणयंत्र लावूनही समोरच्याचे अर्धे बोलणे आम्हांस त्याच्या ओठांवरून वाचावे लागते. इंदूरच्या आमच्या अक्काशी रोज सायंकाळी बोलावयाचे ते याच कारणाने संगणकावर; मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर तिचे ओठ आम्हांस वाचता येत नाहीत. एवढे आधी सांगणे अवश्य आहे. एरवी एका क्षुल्लक यांत्रिक बिघाडाने आम्ही इतके का व्याकूळ झालो, हे वाचकांस कळावयाचे नाही.

गेल्या श्रावणातील गोष्ट. शुक्रवारी अक्काची शस्त्रक्रिया ठरली होती आणि सोमवारपासून तिचा चेहरा पडद्यावर दर तीन-चार मिनिटांनी थिजू लागला. मंगळवारी ती गंभीर मुद्रेने म्हणाली, "मला काही—" आणि तोंड अर्धवट उघडे असतानाच चित्र गोठले. पुन्हा जोडणी झाली तेव्हा तिला औषध देण्याची वेळ झाली होती. सौभाग्यवतींनी मोबाइलवरून विचारून पाहिले, तर "त्याच्याशीच बोलेन," एवढेच उत्तर. ते वाक्य आम्ही रात्रभर आमच्या मनानेच पुरे करीत राहिलो. एकोणऐंशी वर्षांच्या, शस्त्रक्रियेस निघालेल्या बहिणीचे वाक्य मध्यरात्री कोणत्या दिशेने पुरे होते, ते सांगावयास नको.

आम्ही राहतो फोंड्यास. श्रावणात येथे कोणत्याही दोषाचे खापर पावसावर फोडता येते. ते फोडून झाले. राउटर तीनदा बंद करून चालू केला. तारेने जोडावे म्हणाल, तर आमच्या या कृश संगणकास तारेची खोबणच नाही. शेवटी इंटरनेट पुरविणाऱ्यांचा तरुण बोलावून घेतला आणि आमच्या वयास न शोभणारे चार शब्द त्यास सुनावले. भिजत आलेल्या त्या मुलाने मुकाट्याने सारे तपासले, "काका, लाइन बरी आहे," असे कागदावर लिहून दाखविले आणि चहा न घेताच तो निघून गेला.

उलगडा केला तो गुरुवारी आलेल्या आमच्या नातीने. तिने प्रथम एवढेच पाहिले की त्याच वाय-फायवर घरातले दोन्ही मोबाइल सुरळीत चालत आहेत. म्हणजे लहरी घरात येत होत्या. त्या झेलण्यात संगणकच चुकत होता. मग तिने अपडेटची नोंदवही उघडली. सोमवारीच वाय-फाय कार्डाचा नवा ड्रायव्हर आपला आपण येऊन बसला होता! ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा, एवढेच आम्हांस ठाऊक. "हाही तसाच, आजोबा," ती पाटीवर लिहून म्हणाली, "संगणकाची आज्ञा कार्डाला समजेल अशा रीतीने पोचवणारा सारथी." सारथी नवा, पण रथ थांबवीत चालणारा.

तिने डिव्हाइस मॅनेजर उघडले, नेटवर्क अॅडॅप्टर्समधून वाय-फायचे कार्ड निवडले आणि ड्रायव्हरच्या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाखविले. नवा ड्रायव्हर आला तरी जुना संगणकातच जपून ठेवलेला असतो. २००१ सालच्या विंडोज एक्सपीपासून ही सोय आहे. जुना शिल्लक नसेल तर हे बटण फिके दिसते आणि मग निर्मात्याच्या संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती शोधून आणावी लागते. आमचे बटण ठळक होते. ते दाबताच यंत्राने कारण विचारले! दिलेल्या यादीतून नातीने 'आधीची आवृत्ती अधिक चांगली चालत होती' अशा अर्थाचे कारण निवडले. या वयात असे कारण कोणी आम्हांस अधिकृतपणे विचारील, असे वाटले नव्हते. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तोच नवा ड्रायव्हर परत येऊन बसू नये म्हणून तिने काही आठवडे अपडेट थांबवून ठेवली.

त्या सायंकाळी अक्का चाळीस मिनिटे बोलली. चित्र एकदाही थिजले नाही. धीर करून आम्ही मंगळवारचे वाक्य विचारले. तिने थोडे आठवून पाहिले, आणि तिचे ओठ सावकाश हलले: "मला काही नको, फक्त घरची आमसुले धाड. इथल्या आमटीला चवच नाही."

शुक्रवारी शस्त्रक्रिया नीट पार पडली. आमसुले टपालाने गेली. त्या तरुणासही आम्ही क्षमा मागणारा संदेश धाडला आणि चहाचे निमंत्रण दिले. तो अद्याप आलेला नाही.