वळचण

लेकीच्या भाड्याच्या घरात सगळ्यात चांगलं ऊन कपडे धुण्याच्या खोलीत येतं. मेलबर्नमध्ये जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पहिले तीन-चार दिवस मी शाल गुंडाळून दिवाणखान्यात दक्षिणेच्या खिडकीशी बसत होते, आपल्याकडे थंडीत बसतात तशी, आणि कुडकुडत होते. मग डोक्यात उजेड पडला. इथे सूर्य उत्तरेकडून जातो. आणि त्या बाजूला घर बांधणाऱ्याने वॉशिंग मशीन ठेवलंय आणि गॅरेज. मी स्टूल उचललं आणि तसबीह घेऊन मशीनशेजारी बसायला लागले. जावई कपडे लावायला आला, मला तिथे बघून बिचारा ओशाळला.

किबला मात्र बदलला नाही. गावी कोकणात आम्ही पश्चिमेकडे, जरासं उत्तरेला कलून उभे राहतो. इथेही पश्चिमच, जरासं उत्तरेला कलून. एवढं एक ओळखीचं.

लेक-जावयाने शहराच्या पश्चिम टोकाला साडेतीनशे चौरस मीटरचा प्लॉट घेतला आहे. घर बिल्डरच्या तयार नकाशांतून निवडायचं. त्यांना आवडलेल्या नकाशात पुढच्या बाजूला 'थिएटर' अशी एक खोली होती. लेकीने ते खोडून त्यावर पेनाने 'अम्मी' लिहिलं आणि कागद माझ्यासमोर सरकवला. तिचे अब्बा गेल्याला तीन वर्षं झाली. तोंडाने तिने कधी विचारलं नव्हतं. मीही तोंडाने काही उत्तर दिलं नाही. म्हटलं, आधी घर तर बघू.

घर बघायला इथे 'डिस्प्ले व्हिलेज'मध्ये जातात. सजवलेल्या, दिवे लावलेल्या, रिकाम्या घरांचा एक अख्खा मोहल्ला. बिछाने घातलेले, टेबलावर प्लास्टिकची लिंबं, न्हाणीघरात घडी घातलेले टॉवेल आणि राहत कुणीच नाही. आतून सगळी घरं एका रंगाची, दूध घातलेल्या राखेसारखी. बाहेरून मात्र तेच घर पाच चेहऱ्यांत मिळतं. कुणाला विटांची पट्टी, कुणाला दगडाचा खांब, कुणाला पांढऱ्या फळ्या. रॉबिन बॉइड नावाच्या इथल्या वास्तुकाराने 1960 मध्ये 'द ऑस्ट्रेलियन अग्लिनेस' हे पुस्तक लिहून या खोडीवर कोरडे ओढले होते. मूळ घराचा विचार करायचा नाही, वरून काहीतरी ठळक चिकटवायचं, याला त्याने 'फीचरिझम' असं नाव दिलं. साठ-पासष्ट वर्षं झाली, चिकटवणं चालूच आहे. बॉइडचं स्वतःचं, 1958 चं वॉल्श स्ट्रीटवरचं घर असं आहे की पुढे आईवडील, मागे मुलं आणि मधे उघडा चौक. फोटो बघितला तेव्हा मला पुण्यातल्या मैत्रिणीचा वाडाच आठवला.

स्वयंपाकघरापाशी मात्र आम्ही दोघी बराच वेळ थांबलो. इथे ते उघडंच असतं. जेवणाची जागा, बसायची जागा आणि ओटा, सगळं एका दालनात. लग्न होऊन मी आले तेव्हा आमची चूल घराच्या पार मागे होती. पाहुणे आले की ओटीवरचं हसणं ऐकू यायचं, माणसं दिसायची नाहीत. एवढा कसला विनोद झाला, असं नंतर नवऱ्याला विचारावं तर तो विसरलेला असायचा. लेक म्हणते, मी भिंतीकडे तोंड करून रांधणार नाही. मी पूर्ण तिच्या बाजूने आहे.

पण त्या चकचकीत ओट्यामागे एक दार होतं. उघडलं तर आत दुसरं स्वयंपाकघर! शेगडी, सिंक, मांडण्या, सगळं. याला 'बटलर्स पँट्री' म्हणतात. विक्रेत्या पोराने आमच्या ओढण्यांकडे बघून लगेच सांगितलं की आपल्या लोकांसाठी ते याला 'स्पाइस किचन' म्हणतात, तळणाचा वास पाहुण्यांपर्यंत जात नाही. मला हसू आवरेना. बाईला बाहेर आणण्यासाठी भिंत पाडली आणि मागे दुसरी बांधून तिला पुन्हा आत पाठवली. पुढचा ओटा नुसता दाखवायला.

त्या ओट्याच्या दगडाचीही गोष्ट आहे. क्वार्ट्झची भुकटी दाबून बनवलेला दगड इथे घरोघर बसवला जायचा. तो कापताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांना, त्यांत कितीतरी तरुण पोरांना, सिलिकोसिस झाला. शेवटी 1 जुलै 2024 पासून सरकारने त्यावर बंदीच घातली. देशभर अशी बंदी घालणारा ऑस्ट्रेलिया पहिला. पोराने हे सांगितलं ते फक्त नवा दगड महाग का, हे समजवायला.

बाहेर आल्यावर मी त्या घरांभोवती एक चक्कर मारली आणि मला काय खटकत होतं ते कळलं. या घरांना वळचण नाही. भिंत संपते तिथेच छप्पर संपतं, आणि छप्पर काळं. आमच्या घराची मंगलोरी कौलं भिंतीपुढे हात-दीड हात येतात. पावसात त्यांच्याखाली शेळ्या उभ्या राहतात, शाळेतली पोरं उभी राहतात, भांडलेला शेजारीसुद्धा उभा राहतो. या देशाला हे माहीत नव्हतं असं नाही. 'व्हरांडा' हा शब्दच इंग्रजीत हिंदुस्थानातून गेला. क्वीन्सलँडची जुनी लाकडी घरं खांबांवर उभी असतात आणि त्यांना व्हरांडा असतो. मग प्लॉट लहान होत गेले आणि घरं मोठी. आज इथल्या नव्या घराचा सरासरी आकार 230 चौरस मीटरच्या आसपास आहे, म्हणजे जवळपास अडीच हजार चौरस फूट. जगातल्या सगळ्यात मोठ्या घरांत त्याची गणना होते. कुंपणापर्यंत खोल्या भरल्या की वळचणीला जागा कुठून उरणार?

आणि इथे तर ती हवीच. मेलबर्नला उन्हाळ्यात भरदुपारी सूर्य 75 अंशांवर असतो आणि हिवाळ्यात जेमतेम 29 अंशांवर. उत्तरेच्या खिडकीवर बेताची वळचण असली की उन्हाळ्यातलं ऊन बाहेर राहतं आणि हिवाळ्यातलं आत येतं. वीज नको, यंत्र नको. 7 फेब्रुवारी 2009 ला या शहरात 46.4 अंश तापमान होतं. नव्या घराला आता ऊर्जेच्या परीक्षेत दहापैकी सात तारे मिळवावे लागतात, ते चांगलंच आहे, पण सूर्य कुठून येतो हे नकाशा निवडताना आम्हाला कुणी विचारलं नाही.

रविवारी न्यूपोर्टच्या मशिदीत जोहरला गेलो. ना घुमट, ना मिनार. छपरावर 96 त्रिकोणी कंदील, पिवळ्या, हिरव्या, निळ्या, लाल काचांचे. पुढची बाजू काचेची, जाणाऱ्या-येणाऱ्याला आतलं दिसावं म्हणून. ती हाकान एलेव्हली यांच्या जोडीने ग्लेन मरकट यांनी आखली. मरकट हे मुळात घरं बांधणारे. ऑफिसात माणसं न ठेवता एकट्याने काम करणारे, तरी 2002 चा प्रित्झकर पुरस्कार मिळालेले.

जावयाने वाचनालयातून त्यांच्यावरचं पुस्तक आणून दिलं. इंग्रजी मला जेमतेम, पण नकाशे समजतात. केम्प्सीचं 1975 चं घर म्हणजे लाकूड, नालीदार पत्रा आणि झडपा. पण मी अडकले ते यिर्कालाच्या घरापाशी. देशाच्या पार उत्तरेला, चक्रीवादळांच्या मुलखात, 1994 मध्ये एका योलंगू चित्रकर्तीच्या कुटुंबासाठी बांधलेलं. जमिनीपासून उचललेलं, लांब वळचणीचं, आणि अख्ख्या घरात काच नाही! लाकडी झापं वर उचलायची, पट्ट्यांतून वारा खेळवायचा. आतल्याला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं नाही. आमच्या नानीच्या घरी चिकाच्या पडद्यामागे हीच सोय होती. मशीद काचेची आणि घर बिनकाचेचं, एकाच माणसाचं. कुणाला काय दिसायला हवं, हे त्याने दोन्हीकडे आधी विचारलं असणार.

त्या रात्री मी 'अम्मी' लिहिलेली खोली नीट बघितली. प्लॉटचं तोंड पश्चिमेला. खोलीला रस्त्याकडे छतापर्यंत काच. संध्याकाळचं आडवं ऊन थेट अंगावर, नाहीतर दिवसभर पडदे ओढून अंधारात. आणि मी आत नमाज पढतेय, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसणार. उत्तरेला पुन्हा गॅरेज.

"यात मी राहणार नाही," मी म्हटलं. लेकीचा चेहरा पडला. तिला वाटलं मी उत्तर दिलं.

मग मी पेन घेतलं. नकाशा आरशातल्यासारखा उलटा करून मिळतो, हे त्या पोरानेच सांगितलं होतं. तसा केला की गॅरेज दक्षिणेला जातं आणि खोलीला उत्तरेची खिडकी मिळते. खोली मागे ओढली. पुढे पडवी काढली, तिला उभ्या लाकडी पट्ट्या, कारण पश्चिमेच्या उन्हाला नुसती वळचण पुरत नाही. आत एक बाक. येणारे-जाणारे मला दिसतील, सलाम करावासा वाटला तर मीच उठेन. एवढ्या जागेपायी मागचा दुसरा लाउंज गेला. थिएटर आधीच गेलं होतं, आणि ते जावयाला क्रिकेटसाठी हवं होतं हे मला तेव्हा कळलं. तो म्हणाला, "असू दे अम्मी, मॅच मी फोनवर बघतो. तुम्ही पडवी किती खोल हवी ते सांगा."

'तुम्ही' सांगा. गावचे लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे, लेकीच्या वळचणीला जाऊन पडली. मी अजून हो म्हटलेलं नाही. गुडघे हो म्हणतायत, मी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडे दुपारी अडीचला, मी पुतण्याला फोन लावला. म्हटलं, आपल्या पडवीचं माप घे. त्याने टेप शोधायला बराच वेळ घेतला. फोन ओट्यावर ठेवून गेला होता, तेवढा वेळ आम्हा तिघांना पागोळ्यांचा आवाज येत राहिला. कुणी काही बोललं नाही. मग तो परत आला आणि म्हणाला, "सात फूट दोन इंच, काकी."

लेकीने नकाशावर 2.2 मीटर लिहिलं.