नाराची हरणे आणि आमचे रान

जपानमधील नारा येथील उद्यानात शिरताच एक हरीण समोर आले आणि त्याने मान लववली. तांदळाच्या कोंड्याच्या बिस्किटांसाठी ती असे करतात, हे आम्ही वाचले होते. तरी आमचे हात नकळत जोडले गेले. कासुगा देवस्थान इ. स. 768चे. तेथील देव पांढऱ्या हरणावर बसून आला, अशी आख्यायिका; म्हणून हरीण देवाचा दूत. पलीकडे तोदाइजीत महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन 752मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. त्या मूर्तीपुढे आम्हांला परके वाटले नाही.

परके वाटले ते हरणांपुढे. वर्गात आम्ही मृगनयना शिकवतो. परंतु नायगावच्या काळ्या रानात हरीण म्हणजे कोवळ्या हरभऱ्यावर पडणारा कळप. आमचे वडील पहाटे डबा बडवीत, शिव्या देत त्यांना हुसकावीत. त्याच वडिलांनी एकदा विहिरीत पडलेले पाडस दोर लावून वर काढले होते आणि ते पळेपर्यंत बांधावर बसून राहिले होते.

नारातही उद्यानापासून दूरच्या शेतांत नासाडी करणारी हरणे पकडून मारण्यास 2017मध्ये परवानगी मिळाली, हे मागाहून कळले. म्हणजे तेथे देवत्वाला हद्द आहे. वडिलांच्या मनात मात्र अशी हद्द आखलेली नव्हती. राग आणि माया एकाच बांधावर होती. हे त्यांना सांगावे असे फार वाटले. ते आता नाहीत.