तिसरा हात

‘मला चित्र येत नाही हो.’ माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका पहिलं हेच सांगतात. मी समजूत घालत बसत नाही. टेबलावर कागद मांडते. पोस्टकार्डाएवढा, वहीच्या पानाएवढा आणि अख्खा ड्रॉइंग पेपर. शेजारी पेन्सिली, तेलखडू, जलरंग आणि ओल्या फडक्याखाली शाडूची माती. काय घ्यायचं ते त्यांनी ठरवायचं. भाजी कुठली करायची इथपासून माहेरी कधी जायचं इथपर्यंत सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं, म्हणून कागद निवडायलाच बराच वेळ जातो. तो मी जाऊ देते. कलोपचार तिथेच सुरू झालेला असतो.

साहित्याचा स्वभाव ओळखणं ही या कामातली खरी विद्या. पेन्सिल ताब्यात राहते, खोडता येते. बिचकलेल्या हाताला ती बरी. जलरंग पसरतात, ऐकत नाहीत. माती तर आतलं पार ढवळून काढते. घरात मार खाल्लेल्या बाईपुढे पहिल्याच दिवशी माती ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. आणि ‘लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख’ असले तक्ते तर मला मुळीच पटत नाहीत. एकीच्या चित्रातला काळा तिच्या आजीच्या चंद्रकळेचा होता. मी अर्थ लावत बसले असते, तर ती आजी मला कधी भेटलीच नसती.

एडिथ क्रेमर या कलोपचाराच्या पहिल्या पिढीतल्या. उपचारकाला ‘तिसरा हात’ असावा, असं त्या म्हणत: रंग घट्ट कालवून देणारा, पण चित्रात आपली रेघ न घुसवणारा. त्यांच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रांडाइस. 1942 मध्ये नाझींनी त्यांना तेरेझीनच्या छावणीत धाडलं. तिथल्या मुलांना त्या चित्रकला शिकवत आणि प्रत्येक चित्रावर मुलाला स्वतःचं नाव लिहायला लावत. 1944 मध्ये आउशवित्झला त्यांची हत्या झाली; दोन सुटकेसांत दडवलेली मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे राहिली. मी चित्राखाली नावाचा आग्रह धरते तो त्यांच्यामुळे.

पन्नाशीच्या एक बाई यायच्या. सगळं विचारून करायच्या. ‘ताई, ठिपके काढले तर चालेल का?’ ‘काळा घेऊ का?’ मी म्हणायची, ‘तुम्हाला काय वाटतं?’ पेन्सिलीनं ठिपके मांडून त्या रांगोळी काढत. वर्षानुवर्षं अंगणात घातलेली, हाताला पाठ असलेली. एके दिवशी एक रेघ शेवटचा ठिपका ओलांडून पुढे गेली. त्या थबकल्या. खोडरबर हातात घेतला, खाली ठेवला आणि रेघ कागदाच्या कडेपर्यंत नेली. मग ब्रश मागितला. त्या दिवशी ‘चालेल का’ हा प्रश्न आला नाही.

पुढे मी जिथे काम करते त्या संस्थेच्या कार्यक्रमासाठी तेच चित्र हवं असा निरोप आला. निमंत्रणपत्रिकेवर छान दिसेल, असं तिथल्या साहेबांचं म्हणणं. त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, चित्र बाईंचं आहे, त्यांनाच विचारा. साहेबांनी विचारलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही.

‘नाही देणार. माझं आहे ते.’

पत्रिकेवर फुलांचा फोटो छापला गेला.