आजीचा गुडघा आणि माझे आकडे

२०२० सालच्या टाळेबंदीत आमच्या ट्रॉम्बेहून निघणाऱ्या बसगाड्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी होत्या. त्यामुळे आजीच्या दुखऱ्या गुडघ्याचे व्यायाम मोबाइलवर सुरू झाले. फिजिओथेरपीच्या ताई व्हिडिओवर यायच्या.

व्यायाम अगदी साधा. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं दाबायची, पाच अंक मोजून सोडायची. असं दहा वेळा. ह्यानं मांडीचा पुढचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्याला आधार मिळतो.

पण पडद्यावरून पाय दिसतो, त्याला हात लावता येत नाही! म्हणून स्नायू घट्ट झाला का, ते मी चाचपून सांगायचो. आजी श्वास रोखून धरायची. ताई म्हणाल्या, "आजी, मोठ्यानं मोजा." मोजताना श्वास कसा रोखणार?

ताई आठवड्यातून एकदाच यायच्या. बाकीचे सहा दिवस आजी म्हणायची, "आज ऱ्हाऊ दे रे!" मग मीही शेजारी पाय पसरून बसायचो नि आम्ही दोघं मोजायचो.

पावसाळा सरल्यावर आजी जेट्टीपर्यंत चालत गेली. तुमच्या घरी कुणाला असे व्यायाम सांगितले असतील, तर नुसता मोबाइल धरू नका. शेजारी बसा नि आकडे मोजा.