पारोचे वचन

भूतानच्या पश्चिम भागातील पारो हे खोरे समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. मधून पारो छू ही नदी वाहते. भूतानी भाषेत ‘छू’ म्हणजे पाणी, नदी. दोन्ही काठांवर भाताची खाचरे, त्यांत पिकणारा तांबूस तांदूळ, विलोची झाडे आणि रंगीत लाकडी खिडक्यांची दुमजली-तिमजली घरे. सूर्यास्ताच्या सुमारास शाळा सुटलेली मुले ‘घो’ आणि मुली ‘किरा’ या आपल्या राष्ट्रीय वेषात रांगेने घरी जाताना दिसतात, तेव्हा एका मास्तराची पावले आपोआप थबकतात.

खोऱ्यावर नजर ठेवून उभा आहे तो रिनपुंग झोंग. झोंग म्हणजे किल्ला, मठ आणि कचेरी या तिन्हींचा एकत्र वाडा. शबद्रुंग ङवांग नामग्याल यांच्या काळात, १६४६ च्या सुमारास तो पूर्ण झाला. रिनपुंग या नावाचा अर्थ रत्नांची रास. नदीवरच्या छपराच्या लाकडी पुलावरून पलीकडे गेले की चढण लागते आणि पांढऱ्या तिरक्या भिंती माथ्यावर येतात. अंगणात एकीकडे भिक्षूंचे पठण चाललेले असते, तर दुसरीकडे जिल्ह्याचे कारकून कागद हाती घेऊन लगबगीने जातात. धर्म आणि दप्तर एकाच छपराखाली नांदताना पाहून आपल्याकडील जुन्या संस्थानी वाड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

आज पारोला पोहोचणे अवघड नाही. १९८३ पासून येथे विमाने उतरतात. आमच्यासारखे काटकसरी प्रवासी बंगालच्या सीमेवरील जयगावहून कमान ओलांडून फुंटशोलिंगला जातात आणि मोटारीने वळणावळणाचा घाट चढतात. धुके, धबधबे आणि दरडी यांतून वाट काढीत चुझोमला यावे. तेथे पारो व थिंफू या दोन नद्यांचा संगम असून काठावर भूतानी, तिबेटी आणि नेपाळी अशा तीन धाटणींचे स्तूप शेजारी शेजारी उभे आहेत. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पारोत असतो. पुढ्यात तांबूस भात आणि मिरच्यांचीच भाजी असलेली एमा दात्शी येते. आपल्या तिखट खाण्याचा अभिमान तेथे थोडा आवरता घ्यावा लागतो.

हा रस्ता १९५८ मध्ये नव्हता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात भारताचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू भूतानच्या भेटीस निघाले, तेव्हा त्यांना सिक्कीममधून जावे लागले. गंगटोक सोडून सुमारे चौदा हजार फूट उंचीची नथु ला खिंड ओलांडायची, तिबेटातील चुंबी खोऱ्यात उतरायचे आणि तेथून ‘हा’ अशा एकाक्षरी नावाच्या भूतानी खोऱ्यातून पारो गाठायचे, असा तो मार्ग होता. तट्टू, याक आणि स्वतःचे पाय एवढीच काय ती वाहने. नेहरूंना तेव्हा ६९वे वर्ष चालू होते. कन्या इंदिरा सोबत होत्या.

हा खटाटोप कशासाठी? भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक १९५४ च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणे होते. भेटीची परतफेड हे एक कारण झाले. परंतु खरी गोष्ट निराळी होती. उत्तरेला तिबेटचे काय झाले ते भूतानी लोक जवळून पाहत होते. दक्षिणेला भारतासारखा अवाढव्य देश होता. शिवाय १९४९ च्या दार्जिलिंग कराराच्या दुसऱ्या कलमान्वये भूतानने परराष्ट्रसंबंधांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे मान्य केले होते. ब्रिटिशांनी १९१० च्या करारात घातलेलेच हे कलम होते. मोठ्या शेजाऱ्याचा ‘सल्ला’ या शब्दाला केवढे वजन असते, हे परभाषिक प्रदेशात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या वाचकांना निराळे सांगायला नको.

पारोच्या सभेत नेहरूंनी नेमक्या याच शंकेला हात घातला. भारत मोठा आणि बलवान, भूतान लहान, म्हणून भारत दडपण आणील असे कोणास वाटू शकेल, हे त्यांनी स्वतःच बोलून दाखविले. भूतान स्वतंत्र राहावा, त्याने आपली जीवनपद्धती आपण निवडावी आणि आपल्या इच्छेने प्रगतीची वाट धरावी, एवढीच आमची इच्छा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. लहानाच्या मनातील भीती मोठ्याने आपल्या तोंडाने उच्चारावी, तीही त्याच्या दारी चालत जाऊन, यातच त्या भेटीचे सारे मोल आहे.

पुढच्याच वर्षी तिबेटात उठाव झाला, दलाई लामा भारतात आले आणि भूतानने उत्तरेची सीमा बंद केली. एकांतात राहणाऱ्या त्या देशाने मग दक्षिणेचे दार उघडले. १९६१ मध्ये भारताच्या सीमा रस्ते संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प सुरू झाला आणि फुंटशोलिंगहून वर जाणारा रस्ता डोंगरातून कोरला गेला. त्यासाठी अनेक मजुरांनी व जवानांनी प्राण वेचले. त्याच साली आरंभलेल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेचा खर्च भारताने उचलला. भारतातून शिक्षक गेले. आरंभीच्या काही शाळांतून तर हिंदी पुस्तकेच शिकवीत. पुढे इंग्रजी माध्यम आले. १९७१ मध्ये भारताच्या पाठिंब्याने भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

तथापि हिशेब पुरता मांडावयाचा तर दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. पारोत दिलेल्या शब्दानंतरही ते दुसरे कलम कागदावर तसेच राहिले. २००७ च्या फेब्रुवारीत नवा करार झाला तेव्हाच सल्ल्याची ती अट गेली आणि परस्परसहकार्याची भाषा आली. वचन आणि लेखणी यांत ४९ वर्षांचे अंतर पडले. नंतरही कसोटी टळली नाही. २०१३ च्या जुलैत, भूतानमधील निवडणुकीच्या तोंडावर, स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेल यांवरील भारताची सवलत थांबली. ती पुढे पुन्हा सुरू झाली खरी, पण मोठ्या घरच्या एका कागदाने लहान घरची चूल कशी अडते, हे त्या थोड्या दिवसांत भूतानी गृहिणींना कळून चुकले.

राजकीय भेटींत कमानी उभारतात, हार घालतात, मैत्रीची भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी हार सुकतात. पारोची भेट तशी विस्मरणात गेली नाही. तिच्यात दिलेला शब्द मोजता येण्याजोगा होता, म्हणून भूतानी माणूस आजही तो आपल्याला दाखवू शकतो. उपकारांची यादी करणे बलवानास सोपे असते. रस्ते बांधून देता येतात, वीज विकत घेता येते. पण लहानाचे लहानपण आणि निराळेपण या दोहोंचा मान राखणे हे रोजचे काम आहे. ते एकदा करून संपत नाही. पारोला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाने, मग तो चार दिवसांचा पाहुणा का असेना, त्या वचनातील आपला वाटा तेथे पाळावा. झोंगमध्ये टोपी काढावी, आवाज खाली आणावा आणि यजमानाच्या रिवाजाप्रमाणे वागावे.