राख, वीटभट्टी आणि माझा संशोधन आराखडा

पीएचडीसाठी विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही. माझं लहानपण एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत गेलं. गोदावरीकाठचं हे केंद्र १९७०-७१च्या सुमारास सुरू झालं. पुढे दशकभराने २१० मेगावॅटचे तीन संच आले, जुने दोन संच कालांतराने बंद झाले आणि आता केंद्राची क्षमता ६३० मेगावॅट आहे. रेल्वेने कोळसा यायचा, तारांवरून वीज जायची आणि मागे राहायची ती राख. मोठेपणी भूगोल शिकवायला लागले तेव्हा ही राख पुन्हा समोर आली. ‘या राखेचा उपयोग विटा बनवण्यासाठी होतो’ एवढं एक वाक्य वर्गात सांगून मी पुढे जायची. समोर बसलेल्यांत ज्यांच्या घरी वीटभट्टी आहे अशी मुलं असायची. त्यांना त्या वाक्यापलीकडचं बरंच काही माहीत होतं. आपण त्यांना विचारलं पाहिजे, असं वाटत राहिलं आणि त्यातूनच माझा संशोधन आराखडा उभा राहिला.

तो कसा तयार झाला हे मुद्दाम लिहिते आहे. नोकरी सांभाळून पीएचडी करू पाहणाऱ्या कितीतरी शिक्षकांची गाडी याच टप्प्यावर अडते. प्रवेश परीक्षा अभ्यासाने पार पडते. विषयही सापडतो. पण विषय आणि प्रश्न यांत फार अंतर आहे. ‘औष्णिक केंद्राची राख’ हा विषय झाला. त्यावर आयुष्यभर वाचत राहता येईल. आराखड्याला प्रश्न लागतो आणि तो आपल्या हातातल्या वेळेत, आपल्या पायांनी फिरून सुटेल एवढाच असावा लागतो.

वेळेचं गणित विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांनी आखून दिलेलं आहे. पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यातच किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. शिकवण्याचे तास, परीक्षेची कामं आणि घर यांतून उरणारा वेळ मी वहीत लिहून काढला. आराखड्याचं पहिलं पान माझ्या मते तेच होतं, जरी ते कोणाला दाखवायचं नव्हतं.

मग वाचन सुरू केलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरातले प्रबंध वाचायला मिळतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच्या जोडीला ‘शोधगंगोत्री’ आहे. तिथे काम सुरू असलेल्या संशोधनांचे मंजूर आराखडे ठेवलेले असतात. नवख्या माणसाला तयार प्रबंधापेक्षा हे आराखडे जास्त शिकवतात. मागच्या कामाचा आढावा किती लांब असतो, उद्दिष्टं किती असतात, आणि उद्दिष्टांची यादी लांबली की पुढची कार्यपद्धती कशी पातळ होत जाते, हे तिथे उघड दिसतं.

मला सर्वांत मोठा आधार मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या कामाचा मिळाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाचा अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध केला. पुढे ना. वि. कानिटकर यांच्यासोबत जातेगाव बुद्रुकचा अभ्यास १९२१ साली आला. एक गाव, त्यातली जमीन, तिचे पडलेले तुकडे, घरोघरचं उत्पन्न आणि कर्ज. इतक्या लहान जागेवर इतकं नेटाने काम केल्यामुळेच दख्खनच्या शेतीविषयी बोलताना आजही त्या दोन गावांची नावं घ्यावी लागतात. माझ्या मनातली ‘महाराष्ट्रातील औष्णिक केंद्रे’ ही व्याप्ती मी तिथेच सोडली आणि एकलहऱ्यापुरतं बघायचं ठरवलं.

माझ्या मार्गदर्शक बाई शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, “आधी राख किती, ते सांगा. अंदाजे चालेल, पण हिशेब मांडा.” आम्ही त्यांच्या टेबलावरच आकडे लिहायला घेतले. ६३० मेगावॅट पूर्ण क्षमतेने चोवीस तास चाललं तर दीड कोटी युनिट वीज होते. एका युनिटला ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला दहा हजार टनांहून थोडा जास्त कोळसा. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४५ टक्के असतं. ३५ टक्के धरलं तर साडेतीन हजार टनांच्या वर राख. त्यातली साधारण ८० टक्के धुराबरोबर वर जाणारी बारीक राख, जी यंत्रणा पकडून घेते. म्हणजे जवळजवळ तीन हजार टन. आता तीन किलोच्या विटेत चौथा हिस्सा राख घातली, तर विटेमागे पाऊण किलो राख लागते. तीन हजार टन राख संपवायला रोज चाळीस लाख विटा हव्यात!

केंद्र रोज पूर्ण क्षमतेने चालत नाही आणि बरीचशी राख सिमेंटकडे जाते, हे दोघींनाही माहीत होतं. तरीही या हिशेबाने माझा प्रश्न बदलला. भट्ट्यांनी सगळी राख घ्यावी ही अपेक्षाच आकड्यांत बसत नव्हती. विचारण्यासारखं होतं ते हे: कोणती भट्टी राख घेते, किती घेते, आणि केंद्रापासून किती अंतरावर हे घेणं थांबतं?

अंतराचा मुद्दा माझ्या मनचा नव्हता, तो सरकारी नियमांतच होता. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीट उत्पादकांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक केलं. २००३ मध्ये हा पल्ला १०० किलोमीटर झाला, २०१६ मध्ये ३००. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १०० किलोमीटरपर्यंतच्या वाहतुकीचा खर्च केंद्राने करायचा असं ठरलं. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने न वापरलेल्या राखेवर टनामागे एक हजार रुपये भरपाई लावली. प्रत्येक वेळी नकाशावर एक वर्तुळ काढलं गेलं. एकलहऱ्याभोवती ५० किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर सिन्नर, निफाड, दिंडोरी आत येतात. येवला आणि मालेगाव बाहेर राहतात. ट्रक मात्र वर्तुळाने जात नाही. तो रस्त्याने जातो, दारणा-गोदावरी ओलांडायला पूल शोधतो आणि खेपेमागे डिझेल जाळतो. नियमातलं अंतर आणि भाड्यातलं अंतर यांतली तफावत मोजायची, हे माझ्या आराखड्याचं मुख्य उद्दिष्ट ठरलं.

कार्यपद्धतीचं प्रकरण लिहायच्या आधी मी एका भट्टीवर गेले. मालक माझ्या विद्यार्थ्याचे काका. मी विचारलं, “काका, तुम्ही राख किती वापरता?” त्यांनी उलट विचारलं, “ताई, कोणती राख?” आणि मला मातीच्या ढिगाकडे घेऊन गेले. एका बाजूला कोरडी राख, पिठासारखी. वारा आला की उडणारी. दुसऱ्या बाजूला बंधाऱ्याची राख, पाण्याबरोबर राखबंधाऱ्यात जाऊन बसलेली, जाडसर आणि ओलसर. त्यांनी दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या. “ही पहिली उतरवतानाच निम्मी उडते, माणसांच्या नाकातोंडात जाते. आम्ही ही दुसरी घेतो.” मग काळी माती उचलून तिची मूठ वळली. “ही माती नुसती थापली तर वाळताना तडकते. राख घातली की तडा जात नाही. राखेत जळायचं राहिलेलं थोडं असतं, भट्टीला तेवढीच मदत होते. पण जास्त झाली तर विटेची कड ढासळते, आणि कड गेलेली वीट गवंडी बाजूला टाकतो.”

दहा मिनिटांच्या त्या बोलण्याने आराखड्यातली व्याख्यांची अख्खी बाजू उभी राहिली. प्रश्नावलीत ‘राख’ एवढंच लिहून भागणार नव्हतं. कोणती राख, कुठून आली, कोणत्या मातीत मिसळली, खेपेचं भाडं कोणी दिलं, मिश्रण फावड्याच्या मापाने की पाटीच्या, असे उपप्रश्न लागणार होते. वजनाने २५ टक्के हे नियमातलं माप. भट्टीवर वजनकाटा नसतो, तिथे पाट्या मोजतात. म्हणून ओल्या-कोरड्या पाटीचं वजन करून पाट्यांचे किलो करायची पायरी मी कार्यपद्धतीत वेगळी लिहिली. विटांच्या नमुन्यांचीही चाचणी घ्यायचं ठरवलं. भारतीय मानकांप्रमाणे वीट चोवीस तास पाण्यात ठेवून तिने वजनाच्या किती टक्के पाणी शोषलं ते बघतात. नेहमीच्या विटांना २० टक्क्यांची मर्यादा आहे. दाब सोसण्याची ताकद यंत्रावर तपासतात. परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय असल्यामुळे हे यंत्र जवळच होतं, आणि खर्चाच्या तक्त्यात ही रक्कम आवाक्यात बसली.

वेळापत्रक हा आराखड्यातला भाग बहुतेक जण शेवटी उरकतात. मी तो भट्टीच्या हंगामावर बेतला. आपल्याकडे भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंद होतात. विटा थापणारी कुटुंबं उचल घेऊन येतात आणि मे संपता संपता गावी परततात. म्हणजे वर्षातले जेमतेम सहा महिने क्षेत्रकामाचे. तोच काळ कॉलेजातल्या परीक्षांचाही. त्यामुळे भट्ट्यांची गणना पहिल्या हंगामात, मोजमाप दुसऱ्या हंगामात आणि राहिलेल्या जागा भरून काढायला तिसरा हंगाम राखीव, अशी मांडणी केली. पावसाळे प्रयोगशाळेला आणि लेखनाला. विद्यापीठाच्या सत्रांच्या तक्त्यापेक्षा हा तक्ता वेगळा दिसत होता, पण त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता येत होतं.

मजुरांविषयीचा भाग लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. राख मिसळण्याचं काम त्यांच्याच हातांनी होतं, म्हणून त्यांच्याशी बोलल्याशिवाय अभ्यास पुरा होणार नव्हता. पण उचल घेतलेला माणूस मालकासमोर मोकळेपणाने बोलत नाही, आणि मालकाच्या मागे बोलला तर त्याला त्रास होऊ शकतो. म्हणून आराखड्यात लिहिलं की मुलाखती कामाच्या वेळेबाहेर होतील, त्यासाठी मजुरी बुडणार नाही, कोणत्याही भट्टीचं किंवा माणसाचं नाव प्रबंधात येणार नाही आणि नको वाटेल तिथे समोरच्याला थांबता येईल. संमतीची माहिती वाचून न दाखवता साध्या बोलीत समजावून सांगायची, हेही लिहिलं. संशोधकाची नीतिमत्ता याच चार-पाच ओळींत पारखली जाते, असं मी मानते.

समितीपुढे मांडणी झाली तेव्हा पहिलाच प्रश्न आला, “हा विषय भूगोलाचा की सिव्हिल इंजिनिअरिंगचा?” मी वर्तुळाचा नकाशा आणि शेजारी रस्त्यांच्या अंतराचा नकाशा ठेवला. दुसरा प्रश्न नमुन्याचा होता. मी सांगितलं की १० किलोमीटरच्या आतल्या सगळ्या भट्ट्या, आणि त्यापुढच्या दोन पट्ट्यांत प्रत्येकी काही निवडक, कारण भट्ट्यांची भरवशाची यादी आधी आपल्यालाच करावी लागेल. तिसऱ्या तज्ज्ञांनी विचारलं, “निष्कर्ष असा निघाला की अंतराचा काहीच परिणाम नाही, तर?” मी म्हणाले, तर वाहतुकीवरचा खर्च राखेचा वापर वाढवत नाही हे कळेल, आणि तेही उपयोगाचं ठरेल. त्यांनी मान हलवली. कोणतंही उत्तर निघालं तरी ज्याचा उपयोग आहे, तोच प्रश्न संशोधनाला घ्यावा, हे मला त्या खोलीत पक्कं पटलं. समितीने शीर्षकातून दोन शब्द कमी केले, मातीच्या प्रकारांची नोंद वाढवायला सांगितली आणि आराखडा मंजूर केला.

मंजूर प्रत घेऊन मी त्या भट्टीवर गेले आणि काकांना उद्दिष्टं मराठीत वाचून दाखवली. ते दुसऱ्या उद्दिष्टावर थांबले. “भाडं परतीच्या मालावर ठरतं, ताई. येताना गाडी रिकामी असली तर दुप्पट लागतं. ते लिहा.” ते प्रश्नावलीत लिहिलं.

आराखडा लिहायला बसलेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. तुमच्या तालुक्यात, तुमच्या नदीकाठी, तुमच्या रोजच्या रस्त्यावर प्रश्न आहेत. ते तिथल्याच माणसांकडून समजून घ्या. कार्यपद्धती लिहिण्याआधी त्या जागी जा. जमल्यास एकदा हंगामात आणि एकदा हंगामाबाहेर. आकड्यांचा ढोबळ हिशेब कागदावर मांडा आणि प्रश्न तेवढाच ठेवा जेवढा तुम्हाला पेलेल. आणि विद्यापीठात प्रत देण्याआधी, ज्यांच्यावर तुम्ही लिहिणार आहात त्यांना तो प्रश्न त्यांच्या भाषेत विचारून बघा. त्यांनी त्यात दुरुस्ती सुचवली, तर ती आधी करा आणि मगच सही करा.